एनएमएमएसची तयारी: जून ते डिसेंबर, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर

एनएमएमएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या आठवीच्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा. तिची तयारी बहुतेक हायस्कुलांत उलट्या टोकाकडून होते. अर्ज भरून झाले की जाडजूड प्रश्नसंच मागवायचे, मुलांना पहिल्या पानापासून सोडवायला बसवायचं, आणि ओएमआर पत्रिका, म्हणजे गोळे रंगवायची उत्तरपत्रिका, त्यांच्या हातात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात द्यायची. पोरं राबतात, सर-मॅडमही शाळा सुटल्यावर थांबतात, आणि यादीत दोन-तीन नावं येतात. त्यातल्याही एखाद्याचे पैसे आधारवरच्या नावात एक अक्षर चुकल्यामुळे अडकतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आठवीच्या वर्गशिक्षकांसाठी आणि पालकांसाठी कामांचा सरळ क्रम खाली दिला आहे.

आधी परीक्षेचा सांगाडा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आठवीच्या मुलांसाठी ही परीक्षा घेते, साधारणपणे डिसेंबरातल्या एका रविवारी. पेपर दोन: बौद्धिक क्षमता चाचणी म्हणजे मॅट, आणि शालेय क्षमता चाचणी म्हणजे सॅट. प्रत्येकी ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटं. सॅटमध्ये विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००.

## १. कोण बसू शकतं ते जूनमध्येच ठरवा

सातवीचा निकाल हातात असतो, तेव्हा थांबायचं कारण नाही. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के चालतात. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि शासकीय वसतिगृहाच्या सवलती घेणारी निवासी शाळा यांतली मुलं पात्र नाहीत.

इथे पहिली चूक होते. शाळा ‘हुशार’ दहा मुलं निवडते आणि बाकीच्यांना वगळते. मॅट हा पेपर पाठांतराचा नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणारं, पण घरी गुरांचा आणि दुधाचा हिशोब तोंडी करणारं पोरगं त्यात पुढे जाऊ शकतं. म्हणून पात्र मुलं सगळी घ्या, गाळणी ऑगस्टनंतर लावा. नाहीतर लावूच नका, तेही चालेल.

## २. कागद आधी, प्रश्नसंच नंतर

या टप्प्यात अभ्यास काहीच नाही, म्हणून तो सगळ्यात जास्त टाळला जातो.

तीन ठिकाणचं नाव अक्षरशः एक हवं: शाळेचं जनरल रजिस्टर, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. रजिस्टरला ‘सुप्रिया’ आणि आधारला ‘सुप्रीया’ झालेलं असतं, वडिलांचं नाव एकीकडे ‘दत्तात्रय’ आणि दुसरीकडे ‘दत्ता’ असतं, कुठे आडनावच नसतं. परीक्षेला याने काही अडत नाही. अडतं ते निवड झाल्यावर, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करताना. तेव्हा तारखा अंगावर आलेल्या असतात आणि आधार केंद्रात रांग असते. म्हणून दुरुस्ती जून-जुलैत.

खातं मुलाच्या नावावर, राष्ट्रीयीकृत बँकेत, आणि आधारशी जोडलेलं हवं. गावातल्या पतसंस्थेतलं खातं इथे उपयोगाचं नाही. ‘आधार लिंक आहे’ असं पालक सांगतात तेव्हा पुष्कळदा फक्त केवायसी झालेली असते. शासनाचे पैसे थेट खात्यात येण्यासाठीची जोडणी वेगळी असते. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का’ असं स्पष्ट शब्दांत विचारा.

उत्पन्नाचा दाखला: पालक नोकरीत असतील तर ते काम करतात त्या कार्यालयाचा, बाकीच्यांनी तहसीलदारांचा, सेतू केंद्रातून. ऊसतोडीला जाणारी किंवा बाहेर कामाला असणारी कुटुंबं माण, खटाव, जत, आटपाडीकडे बरीच आहेत. दसऱ्यानंतर आई-वडील गावात नसतात, मग सही कुणाची आणि दाखला कोण आणणार? त्यांची कागदपत्रं सर्वांत आधी उरका.

तपासा: प्रत्येक मुलासाठी एक फाइल, वर पाच चौकटी: नाव जुळलं, आधार, खातं, दाखला, चालू मोबाइल. ऑगस्टअखेर एकही चौकट रिकामी नको.

सावधान: अर्जात माध्यम निवडताना घाई नको. सेमी इंग्रजीची मुलं गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकतात, जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. मुलगा वर्गात ज्या भाषेतून विचार करतो ती कोणती, हे त्यालाच विचारा. एकदा भरलेलं माध्यम बदलायला परीक्षागृहात कुणी नसतं.

## ३. एक कोरी चाचणी, न शिकवता

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मागच्या एखाद्या वर्षाचा मॅटचा पेपर द्या. शिकवू नका, वेळ लावू नका. गुणांकडे फार बघायचं नाही, कोणत्या प्रकारात कोण अडतं ते टिपायचं. वर्गाचा एकच तक्ता करा, आडवे प्रश्नप्रकार, उभी नावं. अर्धा वर्ग जिथे चुकला तो प्रकार फळ्यावर शिकवायचा, दोघेच चुकले तो त्या दोघांना बाकावर.

## ४. मॅट: प्रकार शिकवा, प्रश्न नंतर

सर्वाधिक वेळ इथे द्या. जुलै ते सप्टेंबर रोज ४० मिनिटं पुरतात. रविवारी चार तास बसवण्यापेक्षा ते बरं, कारण रविवारी गावातली मुलं शेतात असतात आणि चौथ्या तासाला डोकं चालत नाही. जादा तास शाळेआधी ठेवायचा की नंतर, हे एसटीच्या वेळेवर ठरतं. शेवटची गाडी चुकली की दुसऱ्या दिवसापासून मुली येणं बंद होतं.

आधी हत्यारं पाठ हवीत: १ ते ३० चे वर्ग, १ ते १५ चे घन, ३० पर्यंतचे पाढे, इंग्रजी अक्षरांचे क्रमांक. अक्षरांसाठी ई-जे-ओ-टी-वाय ही पाच अक्षरं म्हणजे ५, १०, १५, २०, २५. बाकीची त्यांच्या आजूबाजूने मोजायची. उलट्या क्रमाचं अक्षर काढायला २७ मधून क्रमांक वजा करायचा. ‘सी-ए-टी’ म्हणजे ३, १, २०, उलटं केलं की २४, २६, ७, म्हणजे ‘एक्स-झेड-जी’. हे तोंडी येईपर्यंत सांकेतिक भाषेच्या प्रश्नांना हात लावू नका. बोटं मोजत ए-बी-सी-डी म्हणणाऱ्या मुलाची एका प्रश्नात दोन मिनिटं जातात.

संख्यामालिका. मुलं पहिल्या दोन संख्या बघतात आणि अंदाज बांधतात. त्यांना तपासण्याचा क्रम द्या: आधी फरक, मग फरकांचा फरक, मग गुणाकार, मग वर्ग-घन, शेवटी एकाआड एक. ५, ९, १०, १८, १५, २७, ? ही मालिका बघा. फरक काढले तर ४, १, ८, -३, १२, काहीच लागत नाही. एकाआड एक घेतलं की ५, १०, १५ आणि ९, १८, २७ अशा दोन मालिका सुट्या होतात. उत्तर २०. मालिकेत सातच्या आसपास पदं दिसली आणि संख्या वर-खाली होत असल्या, तर एकाआड एकची शंका आधी घ्यायची, हेही सांगून ठेवा.

दिशा. कागदावर शिकवलं तर हमखास चुकतं. दक्षिणेकडे तोंड असलेला माणूस ‘उजवीकडे वळला’ म्हटलं की मूल वहीच्या उजव्या बाजूला, म्हणजे पूर्वेला रेघ ओढतं. म्हणून पहिले दोन दिवस मैदानावर. सातारा शहरातल्या शाळेत अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून उभं करा: समोर दक्षिण, उजव्या हाताला यवतेश्वर म्हणजे पश्चिम. इतर गावांत उगवतीचा डोंगर, देऊळ, ओढा, जे असेल ते धरा. आठ-दहा वेळा देहाने वळल्यावरच पेन्सिल हातात द्यायची, आणि मग वही फिरवायला बंदी. उत्तर कायम वर.

नातेसंबंध. मराठीत काका, मामा, आत्या, मावशी वेगळे असल्याने आपल्या मुलांना हा प्रकार सोपा जायला हवा, पण तोंडी सोडवल्यामुळे चुकतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोमध्ये आडवी दुहेरी रेघ, आणि पिढी खाली उभी रेघ. ‘आजोबा’ हा शब्द आला की थांबायचं, वडिलांचे की आईचे? ‘माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाचा मुलगा’ असं एका मुलीने सांगितलं, तर वडिलांचे वडील धरले की तो तिचा भाऊ होतो, आईचे वडील धरले की मामाचा मुलगा. पर्याय बघून ठरवायचं. साडू, जाऊ, नणंद हे शब्द आजकाल मुलांना नीट माहीत नसतात, तेही एकदा सांगून टाका.

घड्याळ आणि दिनदर्शिका. ४ वाजून २० मिनिटांनी काट्यांमधला कोन विचारला की निम्मा वर्ग ‘शून्य’ म्हणतो, कारण मिनिटकाटा ४ वर आहे. पण तोवर तासकाटाही १० अंश पुढे सरकलेला असतो. तासकाटा मिनिटाला अर्धा अंश, मिनिटकाटा ६ अंश. सूत्र देण्याआधी भिंतीवरचं घड्याळ खाली काढा आणि मागची चावी फिरवून दाखवा. आरशातली वेळ काढायला ११:६० मधून दिलेली वेळ वजा करायची: ३:२५ ची आरशात ८:३५.

वारासाठी दिवस मोजून ७ ने भागायचं, बाकी तेवढे वार पुढे. २६ जानेवारी २०२६ सोमवारी आहे. तिथून १५ ऑगस्टपर्यंत २०१ दिवस, ७ ने भागून बाकी ५, म्हणून शनिवार. मोजताना सुरुवातीचा दिवस धरला की उत्तर एका वाराने हुकतं, आणि लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी विसरला की तसंच.

आरसा, पाणी, घन, आकृत्या. आरशात डावं-उजवं बदलतं, पाण्यात वर-खाली. शंका आली तर सरावात कागद उजेडाकडे धरून मागून बघू द्या, ती आरशातली प्रतिमा. रंगवलेल्या घनासाठी सूत्र पाठ करून घेण्याआधी साबणाच्या वडीचा किंवा बटाट्याचा घन कापा. ४×४×४ मध्ये ६४ तुकडे: तीन बाजू रंगलेले ८, दोन बाजू २४, एक बाजू २४, अजिबात न रंगलेले ८. बेरीज ६४ यायलाच हवी, ही पडताळणी मुलं स्वतः करू शकतात. आकृत्या मोजताना एकट्या तुकड्यांपासून सुरू करून दोन, तीन, चार तुकड्यांच्या अशा क्रमाने जायचं. ४×४ च्या जाळीत चौरस १६ नाहीत, ३० आहेत.

तपासा: प्रकार शिकवून झाल्यावर १० प्रश्न. ८ बरोबर आले तर पुढे, नाहीतर तोच प्रकार पुन्हा. अजूनही घड्याळ लावायचं नाही.

## ५. सॅट: गाईड बाजूला, पाठ्यपुस्तक पुढे

सॅटला सातवी आणि आठवीची पाठ्यपुस्तकं लागतात. अडचण अशी की शाळेच्या वार्षिक नियोजनात आठवीचे शेवटचे धडे जानेवारीनंतर येतात, परीक्षा मात्र डिसेंबरात. विज्ञान, गणित आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांनी जूनमध्ये एकत्र बसून धड्यांचा क्रम लावला नाही, तर ‘प्रकाशाचे परावर्तन’ किंवा ‘चक्रवाढ व्याज’ मुलं परीक्षेतच पहिल्यांदा बघतात. सातवीची पुस्तकं मुलांनी धाकट्या भावंडांना देऊन टाकलेली असतात. ती परत मागवा.

वाचायची पद्धत: एका धड्याचं एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, त्या पानावर स्वतः तीन प्रश्न चार पर्यायांसह काढायचे. चुकीचे पर्याय शोधताना मूल बारकावे आपोआप बघतं. चौकटी, आकृत्यांखालच्या ओळी आणि ‘माहीत आहे का तुम्हांला’ हा भाग गाळू नका.

भूगोलातली स्थानिक वेळ गावच्या उदाहरणावर बसते. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरून, सातारा साधारण ७४° पूर्व. फरक साडेआठ अंश, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं. घड्याळात दुपारचे १२ वाजतात तेव्हा साताऱ्याची स्थानिक वेळ ११ वाजून २६ मिनिटं. पूर्वेला वेळ पुढे, पश्चिमेला मागे, यातच बहुतेकांची उलटापालट होते. इतिहासात सनावळीचे तक्ते रटण्यापेक्षा घटना, ठिकाण, व्यक्ती अशा जोड्या करा. १९४२ नंतरचं प्रतिसरकार आणि क्रांतिसिंह नाना पाटील हे तर या दोन जिल्ह्यांच्या मुलांचं हक्काचं उत्तर, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता.

गणिताचे प्रश्न फक्त २०, पण वेळ तेच खातात. विस्तार सूत्रे, घातांक, समांतर रेषांचे कोन, सूट-कमिशन, चक्रवाढ व्याज आणि क्षेत्रफळ पक्की केली तरी बराच पल्ला गाठतो.

पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात जुलै-ऑगस्टच्या पावसात शाळा बुडतात आणि लाइटही जाते. त्या काळात नवा मॅट प्रकार सुरू करू नका. घरी वाचायची सॅटची पानं आधीच नेमून द्या.

## ६. ओएमआर: पहिल्या महिन्यापासून

९० ओळींची, चार गोळ्यांची पत्रिका झेरॉक्स करून गठ्ठाच ठेवा. पहिल्या दहा प्रश्नांच्या चाचणीपासून उत्तर तिच्यावरच.

सगळ्यात महागडी चूक: मूल २७ वा प्रश्न सोडून पुढे जातं आणि २८ चं उत्तर २७ च्या ओळीत रंगवतं. पुढचे सगळे एक घर वर सरकतात. शेवटी एक ओळ उरली की लक्षात येतं, पण तोपर्यंत पेनने रंगलेलं असतं, खोडायची सोय नसते. उपाय साधा: डाव्या हाताचं बोट ओळीच्या क्रमांकावर, उजव्या हातात पेन, आणि दर दहाव्या प्रश्नाला मनात ‘प्रश्न ३०, ओळ ३०’.

गोळा पूर्ण भरायचा. बरोबरची खूण, टिंब किंवा अर्धा गोळा चालत नाही, आणि एका ओळीत दोन गोळे रंगले की तो प्रश्न गेला. सरावातही व्हाइटनर, ब्लेड, खोडरबर बंद. जेल पेन पसरतं, म्हणून साधं बॉलपेन.

उत्तरं आधी प्रश्नपुस्तिकेत टिपून शेवटी एकदम रंगवायची, असा सल्ला काहीजण देतात. देऊ नका. शेवटच्या दहा मिनिटांत ९० गोळे रंगवताना हात थरथरतो. एक पान सोडवलं की त्या पानाचे गोळे, हा मध्यममार्ग बरा.

## ७. आता घड्याळ

ऑक्टोबरपासून पूर्ण पेपर, आठवड्याला एक. मॅटसाठी तीन फेऱ्या. पहिल्या ५० मिनिटांत जे दिसताक्षणी येतं ते. ४० सेकंदांत वाट दिसली नाही तर पुस्तिकेत प्रश्नाला गोल करून पुढे. पुढची २५ मिनिटं गोल केलेल्यांसाठी. शेवटच्या १५ मिनिटांत उरलेल्यांना अंदाजाने उत्तर. गुण कापत नाहीत, मग कोरी ओळ कशाला?

सॅटला समाजशास्त्र आधी, २० मिनिटं, कारण तिथे उत्तर एकतर येतं किंवा येत नाही, विचार करून उगवत नाही. मग विज्ञान ३० मिनिटं, गणित ३० मिनिटं, तपासायला १०. विभाग उड्या मारत सोडवताना ओळ चुकण्याचा धोका वाढतो, म्हणून हा क्रम सरावात किमान चार वेळा झालेला असावा. नसेल तर पुस्तिकेच्या क्रमाने जाणंच बरं.

पेपर तपासल्यावर प्रत्येक चुकीसमोर एक अक्षर: ‘क’ म्हणजे कळलंच नव्हतं, ‘व’ म्हणजे प्रश्न चुकीचा वाचला, ‘ग’ म्हणजे गोळा चुकला. ‘क’ जास्त असतील तर शिकवणं कमी पडलंय. ‘व’ जास्त असतील तर नवे पेपर थांबवा आणि ‘नाही’, ‘विसंगत’, ‘अयोग्य’ अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा. सरसकट ‘अजून सराव करा’ म्हणून दोन्ही रोग बरे होत नाहीत.

सावधान: प्रथम सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी लागोपाठ येतात, आणि तीन महिन्यांची घडी इथेच विस्कटते. सुट्टीत मुलं मामाच्या गावाला जातात, जाऊ द्या. सोबत फक्त चार पेपर आणि चार ओएमआर पत्रिका द्या, तारखा लिहून. पंधराशे प्रश्नांचा संच दिला तर तो दप्तराबाहेर येणार नाही.

## ८. आदला दिवस आणि परीक्षेचा दिवस

शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका. प्रवेशपत्रावरचं नाव, माध्यम आणि केंद्र एकदा मुलासमोर मोठ्याने वाचा.

केंद्र बहुधा तालुक्याला असतं आणि दिवस रविवारचा. शाळेच्या वेळेच्या गाड्या रविवारी नसतात. जतसारख्या पसरलेल्या तालुक्यात हे अंतर लहान नाही. गाडी आधी ठरवा, आणि सोबत येणारा एक मोठा माणूसही.

दप्तरात: प्रवेशपत्र, दोन बॉलपेनं, पॅड, पाण्याची बाटली, डबा. मोबाइल आणि कॅल्क्युलेटर घरी. मॅट संपल्यावर दुपारपर्यंत मोकळा वेळ मिळतो. तेव्हा मुलं गोल करून बसतात आणि उत्तरं पडताळतात. एकाचं चुकलं की तो सॅट अर्ध्या मनाने देतो. शिक्षकांनी तिथेच उभं राहून डबे उघडायला लावावेत. चपाती-भाजी बरी, वडापाव नको, दुपारच्या पेपरला झोप येते.

## ९. निकालानंतरचं काम

दोन्ही पेपर मिळून ४० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ३२) म्हणजे उत्तीर्ण. उत्तीर्ण आणि शिष्यवृत्तीला निवड या वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे, तो जिल्हे आणि प्रवर्गांत वाटलेला आहे, आणि निवड गुणवत्तेने होते. पालकांना हे आधीच सांगा, नाहीतर पेढे वाटून झाल्यावर सांगावं लागतं.

उत्तीर्ण झाला पण निवड यादीत नाही, असा मुलगा मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा असेल तर सारथी या शासकीय संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती बघा. वर्षाला ९,६०० रुपये मिळतात. अर्ज वेगळा करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

निवड झालेल्यांची नोंदणी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जायला हवं, आणि अकरावी-बारावीला पैसे चालू राहायला दहावीत किमान ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५). दहावीनंतर मूल कराड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) किंवा मिरजेच्या कॉलेजात जातं आणि गळती तिथेच होते. जुनी शाळा म्हणते तो आता आमचा नाही, नव्या कॉलेजला तो शिष्यवृत्तीधारक आहे हेच माहीत नसतं. दाखला देतानाच निवडीच्या कागदाची प्रत आणि पोर्टलचा अर्ज क्रमांक मुलाच्या हातात द्या, अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या कार्यालयात दाखवायला सांगा. आणि नोंदणीला दिलेलं सिम चार वर्षं बंद पडू देऊ नका, ओटीपी त्यावरच येतो.